बाजा पडू नये म्हणून

३ जानेवारी, शुक्रवार. शिरड शहापूर.

काल थोरले बंधू तातेरावदादा आणि मी नांदेडला जाऊन आलो. नर्मदेच्या छातीतल्या गाठीत सुई घालून तपासायला घेतलं होतं, त्याचा निकाल आला. कॅन्सर आहे. डॉक्टर म्हणाले, वेळेत सापडलंय, ऑपरेशन करून घ्या, महिना ओलांडू नका. पुढे सलाइनमधून औषध द्यावं लागेल. मी विचारलं, गाठ नेमकी किती खोल आहे. त्यांनी कागदावर काढून दाखवलं. चित्र चांगलं काढलं होतं.

परत येताना वसमतला जीप चहाला थांबली. दादा बशीत चहा ओतून तसेच बसले. मग म्हणाले, "तिला सांगायचं न्हाई. आईला सांगितलं तर काय झालं? दोन आठवड्यांत आई अंथरुणाला लागली. माणूस बिमारीनं मरत न्हाई विश्वंभर, तिच्या नावानं मरतं."

मी म्हणालो, बराबर.

घरी नर्मदा तुरीच्या शेंगा सोलत बसली होती. "काय म्हणले डॉक्टर?"

"साधी गाठ आहे. गोळ्यांनी बसंल म्हणाले."

"कुठंयत गोळ्या?"

गोळ्या नव्हत्या. दादा मागून म्हणाले, "मेडिकलवर संपल्या व्हत्या. उद्या येतेत." ती "बरं" म्हणाली आणि पुन्हा शेंगांना लागली. आज दादांनी ताकदीच्या गोळ्यांची बाटली आणून दिली.

मला काही वाटत नाही. हे मुद्दाम लिहून ठेवतो, कारण वाटायला पाहिजे होतं. जेवलो, झोपलो, सकाळी क्लॅरोनेटची पत्ती तासली. पत्ती चांगली बसली.

५ जानेवारी, रविवार.

पौष आहे, लग्नं नाहीत. आमच्या बँडच्या खोलीत ढोल उशाला घेऊन ड्रमवाला बालाजी घोरतो. अशा वेळी आज एक काम चालून आलं.

सेनगावकडच्या एका तांड्यावरचा विकास नावाचा तरुण मोटरसायकलवर आला. पुण्यात सिनेमाचं शिकून आलेला आहे. सिद्धेश्वरच्या धरणावर त्याने एक छोटा रहस्यपट काढलाय. म्हणाला, "मास्तर, हिंगोलीत मला एकानं सांगितलं, बॅकग्राउंड म्युझिकचं वेड असलेला माणूस शिरडात आहे."

मी म्हणालो, "वेड नाही. अभ्यास."

त्याने लॅपटॉपवर थोडा सिनेमा दाखवला. त्यावर कम्प्युटरमधलं तयार संगीत टाकलेलं. दार उघडलं की ढुम्म. मी म्हणालो, "हे काढून टाक."

"काहून?"

"दार उघडल्यावर ढुम्म वाजवायला डोकं लागत नाही. दार उघडायच्या आधी काय वाजतं, ते सांग."

काम घेतलं. माणसांच्या फुंकरीने आणि हाताने वाजलेलं संगीत देईन, ही अट घातली. मला कोणी शिकवलेलं नाही, आणि मी कोणाचं उसनं वापरत नाही.

दादांना सांगितलं. ते म्हणाले, "आत्ता? या वक्ताला?" मी म्हणालो, पौष आहे, रिकामाच आहे.

७ जानेवारी, मंगळवार.

बँडमधल्या बालाजी, फुलसिंग यांना समजावून सांगायचं आहे, म्हणून आधी इथे नीट मांडतो.

रहस्यपट मी आधी ऐकले, पाहिले फार नंतर. औंढ्याच्या जत्रेत तंबू थेटर लागायचं. तिकिटाची ऐपत नसलेली आम्ही पोरं तंबूच्या मागच्या बाजूला, कनातीला पाठ लावून बसायचो. चित्र नाही, फक्त आवाज. जुने काळे-पांढरे रहस्यपट असले की मागे शेकडो व्हायोलिनं वाजताहेत असं वाटायचं. खून कधी होणार ते मी बाहेर बसून सांगायचो, आणि बराबर त्याच वेळी आतल्या बाया ओरडायच्या. म्हणजे खून चित्रात नसतो. तो आधी वाद्यवृंदात होतो.

पहिली गोष्ट. भीती वेगळी, धास्ती वेगळी. ढोलावर काठी पडली ही भीती. काठी वर गेलेली आहे आणि अजून पडलेली नाही, ही धास्ती. मोठे संगीतकार ती काठी वर धरून ठेवतात.

दुसरी. कशाने धरतात? खर्जाने. मोठाली व्हायोलिनं, गुडघ्यांत धरून वाजवायची, एकच खालचा सूर ओढत राहतात. त्याला चाल नसते, म्हणून ऐकणाऱ्याला ते संगीत वाटतच नाही, आपल्याच पोटात काहीतरी होतंय असं वाटतं. त्याच्यावर दोन लगतचे सूर ठेवतात, सा आणि कोमल रे. एकामागून एक वाजवले तर कोणाचं तरी पाऊल. एकदम वाजवले तर दाताखाली खडा.

तिसरी, आणि ही फार थोड्यांना कळलेली आहे. वाद्यवृंद पडद्यावरच्या माणसाच्या बाजूचा नसतो, तो प्रेक्षकाला फितूर असतो. बाई अंगणात सडा टाकते आहे. तिच्यासाठी ती रोजची सकाळ. पण खालून खर्ज सुरू झालेला आहे, तो तिला ऐकू येत नाही, आपल्याला येतो. ती हसते आणि आपल्याला हसवत नाही. आपल्याला ठाऊक आहे आणि तिला नाही, यावरच सगळा डोलारा उभा असतो.

चौथी. घात होण्याच्या क्षणी सगळी वाद्यं थांबतात. शिकाऊ लोक तिथेच जोर लावतात. खरं म्हणजे तिथे काहीच वाजू नये. कान आधार शोधतो आणि त्याला तो सापडत नाही.

हे लिहीत असताना नर्मदा दारात येऊन उभी राहिली. म्हणाली, "तुमाला एक इचारायचं व्हतं." मी म्हणालो, एवढं पान होऊ दे. ती चौकटीला टेकून थांबली. पान संपवून वर पाहिलं तर ती शेतात गेली होती.

९ जानेवारी, गुरुवार.

तालीम. हातात काय आहे ते आधी लिहितो: दोन क्लॅरोनेट, एक युफोनियम म्हणजे मांडीवर घेऊन फुंकायची मोठी पितळी नळी, साईड ड्रम, मोठा ढोल, आणि माझी हार्मोनियम. व्हायोलिन एकही नाही. खर्जासाठी हार्मोनियमच्या खालच्या पट्टीत घडी केलेला कागद अडकवला, म्हणजे भाता हलवला की सूर चालू राहतो आणि माझा एक हात मोकळा. वर मोहनसिंगने युफोनियम अगदी हळू फुंकायचा. व्हायोलिनचा थरथराट फुलसिंग क्लॅरोनेटच्या खालच्या सुरात जीभ फिरवून काढतो. ऐकणाऱ्याला ओळखू येणार नाही इतकं जमलं.

घोटाळा झाला तो थांबण्यात.

"बालाजी, इथं थांबायचं."

"थांबलो की."

"मग वाजलं कोण?"

"ते हातानं वाजवलं मास्तर. मी थांबलो व्हतो."

पुन्हा घेतलं. पुन्हा रिकाम्या जागेत टर्रर्र. मी रागावलो तेव्हा तो म्हणाला, "तुमीच शिकवलं आमाला. बाजा पडू द्यायचा न्हाई."

हे खरं आहे. नवरदेवाचा परण्या, म्हणजे मिरवणूक, मारुतीकडे निघाला की बँड मध्ये थांबत नाही. फुंकणाऱ्याचा दम गेला तर ढोल धरतो, ढोलवाल्याने काठी बदलली तर फुंकणारा ओढतो. बाजा पडला तर त्या घरातलं माणूस पडतं, असं आपल्याकडे म्हणतात. वडिलांच्या वेळी एकदा असा खंड पडला होता, तर वराकडच्या म्हाताऱ्याने भर रस्त्यात त्यांच्यावर काठी उगारली होती. पिढ्यान्पिढ्या मोकळी जागा भरायचीच सवय. ती आता मोडायला बघतोय.

फुलसिंग म्हणाला, "मास्तर, मयतीत बी आमी इतके गुमसुम वाजवत न्हाई. पिच्चर करून राहिले का तेरवी?" सगळे हसले. मीही हसलो असेन.

१२ जानेवारी, रविवार.

नर्मदा सकाळच्या एसटीने सेनगावला पुनमकडे गेली होती, संध्याकाळच्या गाडीने आली. मुलीकडे जायला काही सण नव्हता. जाताना दोन पितळी पातेली नेली. वापरात नाहीत म्हणाली.

दुपारी पुनमचा फोन. "पप्पा, आई तुमच्याशी काही बोलली का?"

"काय बोलायचं?"

"काही न्हाई. आल्यापासून मला मसाल्याचं, लोणच्याचं सगळं प्रमाण सांगत बसलीय. म्हणलं मी फोन करून इचारते ना लागंल तवा. तर म्हणे, आत्ताच लिहून घे."

मी म्हणालो, चांगलंच आहे, प्रमाण पक्कं पाहिजे. अंदाजाने केलेलं लोणचं टिकत नाही.

पुनमला आम्ही सांगितलेलं नाही. सांगितलं तर ती रडत येईल आणि मग नर्मदेला कळेल.

१४ जानेवारी, मंगळवार. संक्रांत.

घरात बायकांचं हळदीकुंकू. मी ओट्यावर सिनेमातल्या प्रसंगांच्या वेळा जुळवत होतो, आतलं ऐकू येत होतं.

नर्मदा आज फार हसत होती. दरवर्षी प्लास्टिकचा डबा नाहीतर गाळणी वाण म्हणून देते. यंदा फळीवरचे स्टीलचे डबे, ज्यांवर तिचं नाव कोरलेलं आहे, ते एकेकीला दिले. वहिनी म्हणाल्या, "अगं बाई, नावाचे डबे कोण लुटतं का?" नर्मदा म्हणाली, "इतके दिवस नुसते पुसून ठेवले. तुमी तरी वापरा."

वहिनी मागच्या दारी गेल्या आणि पदराने डोळे पुसत आल्या. चुलीचा धूर झाला असं म्हणाल्या. चूल आज पेटवलीच नव्हती, गॅसवर चाललं होतं. बायकांनी खोटं बोलताना तपशिलाकडे लक्ष द्यावं.

वहिनी हल्ली तिला विहिरीवर जाऊ देत नाहीत, स्वतः पाणी आणतात. दादा बाजारातून तिच्यासाठी वेगळी द्राक्षं आणतात. मीसुद्धा तिला टाकून बोलत नाही. चहा कसाही झाला तरी चांगला झाला म्हणतो. घर शांत आहे. तिला कसलीच शंका आलेली नाही.

१७ जानेवारी, शुक्रवार.

विकासने सिनेमाचा शेवटचा भाग आणून दिला. शिक्षिका असलेली एक बाई कालव्याच्या कडेने घराकडे चाललेली आहे. पंपघरात माणूस दबा धरून बसलाय, हे आपल्याला आधी दाखवलंय. ती किल्ली आणायला पंपघराकडे वळते. दारापाशी थोडी थांबते. आत जाते. एवढंच, पण सगळा सिनेमा इथे आहे.

मी लॅपटॉप ओट्यावर ठेवून पुन्हा पुन्हा पाहत होतो. नर्मदा धान्य पाखडत होती, ती सूप ठेवून मागे येऊन उभी राहिली.

"हिला ठाऊक हाय," ती म्हणाली.

"काय?"

"आत कोणीतरी हाय ते."

मी म्हणालो, "तिला ठाऊक नाही. तिला ठाऊक नाही आणि आपल्याला आहे, म्हणून तर धास्ती. गोष्टच तशी आहे."

"गोष्ट असंल तशी. तिच्या खांद्याकडं बघा की. ठाऊक नसलेलं माणूस असं दारात थांबत न्हाई."

"मग ठाऊक असून ती आत जाईल कशाला?"

नर्मदा पडद्याकडे बघत राहिली. "कोणीतरी मागून थांब म्हणंल, म्हणून वाट बघून राहिली. कोणी म्हणलं न्हाई. मग काय करंल? गेली."

मी तिला समजावून सांगितलं की दिग्दर्शकाने लिहिलेलं असतं, नटाला सांगितलेलं असतं, आणि प्रेक्षकाने आपल्या मनाचं त्यात घालायचं नसतं. संगीत कोणाच्या बाजूने असतं, तेही सांगितलं. बराच वेळ सांगितलं. ती म्हणाली, "तुमाला लई कळतं." आणि सूप घेतलं.

नटीचा खांदा मी नंतर पाहिला. किंचित वर आहे. थंडीमुळे असेल.

१९ जानेवारी, रविवार.

दवाखान्यातून दादांना फोन आला. तेवीस तारखेला दाखल करा म्हणाले.

दादा आणि मी बँडच्या खोलीत बसून ठरवलं. नांदेडला माझ्या साडूच्या घरची वास्तुशांती आहे, म्हणून तिला न्यायचं, असं दादांचं म्हणणं. तिथून दवाखान्यात सहज दाखवायला म्हणून न्यायचं. तिथे डॉक्टर सांगतील, एक छोटं ऑपरेशन आहे, आलाच आहात तर करून टाकू.

मी म्हणालो, "दादा, तिच्या छातीची एक बाजू कापणार आणि तिला छोटं ऑपरेशन म्हणून सांगायचं?"

"मग तू सांग जाऊन! हाय हिंमत?"

मी क्लॅरोनेट पुसायला घेतलं. दादा नरमले. "अरे, मला काय हौस आली का? माझी धाकली भावजय हाय ती. लेकरासारखी वागवली."

त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. मी त्यांच्याकडे पाहत होतो. कानात कापूस घातल्यावर बँड जसा लांब वाजतो, तसं सगळं लांब होतं.

वास्तुशांतीचं तिला दादांनीच सांगितलं. ती "बरं" म्हणाली.

२० जानेवारी, सोमवार.

रेकॉर्डिंग. बँडच्या खोलीला चारी बाजूंनी सतरंज्या आणि गोधड्या लावल्या. विकासने माइक ठेवले.

पंपघराचा प्रसंग. हार्मोनियमचा खर्ज. त्यावर मोहनसिंग. सा आणि कोमल रे, आधी एकेक, बाईच्या पावलांच्या जरा मागे पडलेले, जणू दुसरं कोणी चालतंय. मग फुलसिंगचा थरथराट. बाई दारापाशी थांबते, सूर एकमेकांवर चढतात. मी हात वर केला. आणि सगळं थांबलं. बालाजीसुद्धा. त्याने दोन्ही काठ्या बगलेत धरून ठेवल्या होत्या. असं शांत मी आयुष्यात कधी ऐकलं नव्हतं.

विकासने हेडफोन काढले. "मास्तर, परत घ्यावं लागंल. आवाज आलाय."

"कोण वाजलं? बालाजी?"

"आई शप्पथ न्हाई!" बालाजी म्हणाला.

"वाजलं नाही कोणी," विकास म्हणाला. "तुमी बोलताय."

मी म्हणालो, शक्य नाही. त्याने ऐकवलं. सगळी वाद्यं थांबतात, आणि त्या रिकाम्या जागेत माझा आवाज आहे: हं, हं, आता, थांबा, हं. मला आठवत नाही.

पुन्हा घेतलं. पुन्हा मी. तिसऱ्यांदा तोंडावर उपरणं धरलं, तर पाय वाजला. शेवटी विकास म्हणाला, "मास्तर, तुमी जरा बाहेर बसता का? पेटीचा भाता मी हलवतो, फुलसिंगकाका हात दाखवतील."

मी बाहेर बसलो. आतून सगळं ऐकू आलं. थांबले तेही. त्यांना जमलं.

कामाचं कौतुक झालं. विकास पाया पडून गेला. मला आनंद व्हायला हवा होता.

२३ जानेवारी, गुरुवार.

जीप दारात लागली. दादा पुढे बसले. मी नर्मदेची पिशवी ठेवली. ती नवं लुगडं नेसून आली, पायात चप्पल घातली, आणि जीपच्या दाराला हात लावून थांबली.

"अहो, पौषात वास्तुशांती कोण करतं?"

दादांनी मान फिरवली नाही. पौष आहे हे याच वहीत मी स्वतः लिहिलंय. तपशिलात मी चुकत नाही.

"नांदेडला काहून नेऊन राहिले मला, ते ठाऊक हाय," ती म्हणाली. आवाज चढवला नव्हता. "यायला मी न्हाई म्हणत न्हाई. पण तुमच्या तोंडानं सांगा. दादांच्या न्हाई, डॉक्टरच्या न्हाई. तुमच्या."

मी म्हणालो, गाडीला उशीर होतोय. मी म्हणालो, वसमतच्या पुढे रस्त्याचं काम चाललंय, दहाच्या आत निघालं पाहिजे. मी आणखीही बरंच बोललो. पाणी घेतलं का, स्वेटर घेतला का, घाटापाशी गाडी लागते तर लिंबू घेतलं का.

ती माझं सगळं बोलणं संपेपर्यंत थांबली. मग तिने चप्पल काढली, एकावर एक ठेवली आणि घरात गेली.

दादा ओरडले, वहिनी आत जाऊन विनवून आल्या. ती आली नाही. चुलीपुढे बसून राहिली. जीप रिकामी परत गेली.

घाट त्या रस्त्याला नाहीच.

२५ जानेवारी, शनिवार.

दादा माझ्याशी बोलत नाहीत. काल एवढंच म्हणाले, "तिचा दिवस घालवलास."

२७ जानेवारी, सोमवार.

आज सांगितलं.

ती शेतात तुरीच्या पेंढ्या बांधत होती. मी जाऊन पेंढी धरली, ती बांधायचा आळा आवळत होती. रस्त्याने जाताना वाक्य जुळवलं होतं, आडवळणाने सुरू होणारं, पुढे डॉक्टरांचं नाव वगैरे असलेलं. तिथे गेल्यावर ते राहिलं.

मी म्हणालो, "नर्मदा, कॅन्सर आहे."

"व्हय," ती म्हणाली.

तिने गाठ मारली. पेंढी बाजूला ठेवली आणि बांधावर बसली. मीही बसलो. माझ्या तोंडाशी पुष्कळ बोलणं आलं होतं. ते येत होतं आणि मी ते येऊ देत नव्हतो. त्याला फार जोर लागतो. छाती दुखली.

"मरते का मी?"

"मला माहीत नाही."

"डॉक्टर काय म्हणले?"

"वेळेत सापडलंय म्हणाले. महिना ओलांडू नका म्हणाले. आज सत्तावीस तारीख आहे."

"म्हंजे महिना तुमीच घालवला."

"हो."

ती रडली. मोठ्याने नाही. मी तिचा हात धरला नाही, दिवसाउजेडी शेतात आम्ही धरत नाही. पण सरकून जवळ बसलो. मग तिने नाक पुसलं आणि म्हणाली, "वहिनीनं मला विहिरीवर येऊ दिलं न्हाई, तवाच समजलं. पंचवीस वर्सं त्या विहिरीवर भांडलो आमी. अन् तुमी! गढूळ पाण्यासारखा चहा केला मुद्दाम, तर म्हणता लई चांगला झाला. मला वाटलं, मेले मी. मेलेल्या माणसाला कोणी नावं ठेवत न्हाई. मी मेले अन् कोणी मला सांगितलंबी न्हाई."

मी बांधावरची काडी मोडत बसलो.

"भांडा आता. काहीबी काढा."

मला आठवेना. मग आठवलं. "तू चार दिवस झाले माझ्या हार्मोनियमवर शेंगांची पाटी ठेवतेस. भात्यात माती जाते. एकदा नाही, रोज. मी रोज उचलून खाली ठेवतो."

"ठेवते! मुद्दाम ठेवते! वरडाल म्हणून ठेवते! बाई मरून राहिली तरी त्या पेटीसाठी तरी वरडंल हा माणूस, म्हणलं. न्हाई! गुपचूप उचलून खाली!"

"वाद्यावर पाटी ठेवायची काय अक्कल आहे का?"

"अक्कल तुमाला! पौषात वास्तुशांती!"

शेजारच्या शेतातला देविदास काम सोडून बघत उभा राहिला. आम्ही बराच वेळ भांडलो. जुनीही काढली. परत येताना ती पुढे चालत होती आणि मागे न बघता बोलतच होती. घरी येऊन मी स्वतः दवाखान्यात फोन केला. चार तारीख दिली.

मग पुनमला फोन करून नर्मदेच्या हातात दिला.

४ फेब्रुवारी, मंगळवार. नांदेड.

सकाळी तिला आत नेलं. काल डॉक्टरांना तिने स्वतः सगळं विचारलं, किती कापणार, हात वर होईल का, केस जातात का. मी शेजारी बसून होतो. एका जागी डॉक्टर चुकीची तारीख बोलले, ती मी सुधारली. तिने माझ्या गुडघ्यावर चापट मारली.

स्ट्रेचरवर असताना नर्सला म्हणाली, "ह्यांना लांब बसवा. न्हाईतर डॉक्टरला शिकवायला येतील."

पुनम खाली कॅन्टीनला गेली आहे. दादा आणि मी बाकावर. दार बंद आहे. महिना ओलांडला त्याचा परिणाम काय, ते मी डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, आत गेल्यावर कळेल.

आत्ता थोड्या वेळापूर्वी दादांचा फोन वाजला. परभणीहून आमची बहीण शिला. दादा उठून भिंतीकडे तोंड करून हळू आवाजात सांगू लागले, "काही न्हाई गं. साधी गाठ हाय, काढून टाकून राहिले. तू कशाला येती? काळजीचं काही..."

मी उठलो आणि त्यांच्या हातातून फोन घेतला.

"शिला, विश्वंभर बोलतोय. नर्मदेला कॅन्सर आहे. ऑपरेशन चालू आहे. तू ये."

पलीकडे आधी काहीच नाही. मग ती रडायला लागली. दादा माझ्याकडे बघत होते. मला काही सांगावंसं वाटत होतं, कोणता वॉर्ड, कोणती गाडी, कुठे उतरायचं. मी सांगितलं नाही. ती रडत होती आणि मी फोन कानाला लावून उभा होतो.